टाकी ‘सायकल’ करायची म्हणजे नेमके काय: बोअरचे पाणी, नवसागर आणि मे महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले घर, दोन फुटी काचेची टाकी, बोअरचे पाणी. दुकानदाराने सांगितले म्हणून आठ दिवस नुसता फिल्टर चालवला आणि मग चार गोल्डफिश सोडले. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडू लागले. निळे औषध टाकले, सगळे पाणी बदलले, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. दहा दिवसांत चारही मासे गेले. आता फेब्रुवारी आहे आणि टाकी रिकामी आहे. पुन्हा मासे आणण्याआधी किती दिवस थांबायचे? आणि शेतातला युरिया चिमूटभर टाकला तर काम लवकर होते, हे खरे का?

आधी युरियाचे, कारण ती चूक आजच टाळता येईल. टाकू नका. युरियातून अमोनिया मिळतो हे खरे, पण त्यासाठी आधी वेगळ्या जिवाणूंनी तो फोडावा लागतो. किती दिवसांत किती फुटेल याचा अंदाज येत नाही आणि न फुटलेला युरिया अमोनियाच्या चाचणीत दिसतही नाही. त्याहून मोठी अडचण कडुनिंबाची. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. हा लेप असतो तो जमिनीत अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावण्यासाठी, म्हणजे खत पिकाला जास्त दिवस पुरते. टाकीत तुम्हाला नेमकी तीच क्रिया सुरू करायची आहे. केळीला जे चांगले, ते इथे उलटे.

दिवसांचा हिशेब सांगायचा तर २८ अंश तापमानाला चार ते सहा आठवडे. दुसऱ्याच्या चालू टाकीतला स्पंज मिळाला तर एक ते दोन आठवडे. पण दिवस मोजून मासे आणू नका. टाकी तयार झाली की नाही हे एकाच कसोटीने ठरते: २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. ही कसोटी अठराव्या दिवशी पार पडली तर टाकी अठराव्या दिवशी तयार. पंचेचाळिसाव्या दिवशीही पार पडली नाही, तर टाकी कितीही चकचकीत दिसो, तयार नाही.

मासे का मेले ते आता पाहू. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. चालू टाकीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. मासे सोडण्याआधी हे दोन्ही जिवाणू टाकीत पुरेसे वाढवून ठेवणे म्हणजेच टाकी ‘सायकल’ करणे. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची ताकद मारतो, म्हणून पाण्यात भरपूर हवा असूनही मासा वर येऊन तोंड वासतो. नायट्रेट मात्र ४० पीपीएमपर्यंत बहुतेक मासे सोसतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. स्पंज, खडी, काच यांना चिकटून राहतात, आणि खायला अमोनिया असेल तरच वाढतात. तुमचा फिल्टर आठ दिवस फिरला, पण त्या पाण्यात त्यांच्या पोटाला काहीच नव्हते. आठ दिवसांनंतर टाकी पहिल्या दिवसाइतकीच कोरी होती. मग एकदम चार गोल्डफिश, आणि गोल्डफिश म्हणजे खादाड आणि तितकाच घाण करणारा मासा. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडेफार जिवाणू धरले असतील तर ते निळ्या औषधाने आणि नळाखालच्या धुण्याने गेले. हे निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, बुरशीवर उपयोगी आहे, पण फिल्टरच्या जिवाणूंना ते मानवत नाही. ज्या टाकीत फिल्टर तयार करायचा आहे तिथे कुठलेच औषध नको.

बोअरच्या पाण्याने यात भर घातली. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसे न बाधणारे आणि एक विषारी. पीएच आणि तापमान वाढले की विषारी रूपाचा वाटा वाढतो. ३० अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी नसतो. पीएच ८ झाला की तो वाटा साडेसात टक्क्यांवर जातो. म्हणून पुण्या-मुंबईकडच्या मऊ पाण्यात जितका अमोनिया मासा कसाबसा सोसतो, तितकाच इकडच्या जड, अल्कधर्मी बोअरच्या पाण्यात त्याचा जीव घेतो.

याच पाण्याचा एक फायदाही आहे. जिवाणू अमोनिया खाताना आम्ल तयार करतात आणि पाण्यातले बायकार्बोनेट खर्च करतात. या बायकार्बोनेटचे माप म्हणजे केएच, ते अंशांत मोजतात. अमोनियाचा २ पीपीएमचा एक डोस पूर्ण पचायला केएचचा सुमारे दोन तृतीयांश अंश जातो. बोअरच्या पाण्यात केएच बहुधा दहा अंशांच्या पुढे असते, त्यामुळे दहा-बारा डोस दिले तरी पीएच घसरत नाही. आरओचे पाणी भरणाऱ्यांचे गाडे नेमके इथे अडते. त्यांच्याकडे केएच एक-दीड अंश, दोन-तीन डोसांत ते संपते, पीएच ६ च्या आसपास येतो आणि जिवाणू काम थांबवतात. मग ‘महिना झाला, आकडा हलतच नाही’ अशी तक्रार येते. उपाय स्वयंपाकघरात आहे: ४० लिटरला खाण्याच्या सोड्याचा एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, म्हणजे केएच सुमारे चार अंशांनी वाढते. तुम्हाला त्याची गरज बहुधा पडणार नाही.

मात्र बोअरच्या पाण्याची एक चाचणी पहिल्याच दिवशी करा, टाकीत भरण्याआधी: नायट्रेट. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वर्षानुवर्षे भरपूर खत आणि भरपूर पाणी जमिनीत गेले आहे, त्यामुळे भूजलात नायट्रेट असण्याची शक्यता मोठी. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकाची मर्यादा ४५ पीपीएम आहे. पाण्यात मुळातच ४० असतील तर दोन गोष्टी होतात. पहिली, टाकीत नायट्रेट दिसले म्हणून ‘सायकल झाली’ असे म्हणता येत नाही, ते बोअरमधूनच आलेले असते. दुसरी, पाणी कितीही बदलले तरी नायट्रेट ४० च्या खाली येणार नाही. अशा वेळी निम्मे बोअरचे आणि निम्मे आरओचे पाणी मिसळून वापरा. तेवढे केएच जिवाणूंना पुरते.

बोअरमधून नुकतेच उपसलेले पाणी लगेच वापरू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो. बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर ठेवा. पीएचसुद्धा त्यानंतरच मोजा, आधी मोजलेला आकडा फसवा असतो. शहरात, म्हणजे जळगावला वाघूरचे किंवा भुसावळला तापीचे नळाचे पाणी असेल, तर अडचण क्लोरीनची, कारण क्लोरीन जिवाणूंनाच मारतो. उघड्या बादलीत २४ ते ४८ तास ठेवले तर उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून ठेवा. ४० लिटर पाण्यात १ पीपीएम क्लोरीन धरला तर या द्रावाचे ३ मिली पुरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येते आणि क्लोरीनचा वास उग्र असतो, तेव्हा दुप्पट घाला.

सामान फार लागत नाही. टाकीत नक्की किती लिटर पाणी मावते ते लांबी-रुंदीच्या गुणाकाराने काढू नका, भरताना बादल्या मोजा. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता दोन फुटी टाकीत साधारण ४० ते ४५ लिटर बसते. पुढचे सगळे प्रमाण ४० लिटरचे आहे. फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. दिसायला गरीब वाटतो, पण आपल्याकडच्या विजेला तोच योग्य. डबाबंद फिल्टरमध्ये वीज गेली की आतल्या पाण्यातला प्राणवायू दोन-तीन तासांत संपतो, जिवाणू गुदमरतात आणि वीज आल्यावर ते कुजके पाणी टाकीत येते. स्पंज टाकीतच उघडा बसलेला असतो, म्हणून तो बराच जास्त तग धरतो. भारनियमन जास्त असेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवा. त्याला दोन-तीन वॉटच लागतात.

खडीबद्दल. गिरणेची किंवा तापीची वाळू वापरायला हरकत नाही, पण आधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा, आठ-दहा वेळा तरी. मूठभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुनखडी किंवा शिंपले आहेत. तुमचे पाणी आधीच जड, त्यात आणखी जडपणा नको. संगमरवराचे पांढरे तुकडे दुकानात छान दिसतात, तेही याच कारणाने नकोत. शेताच्या नाल्यातून किंवा पाटातून दगड-वनस्पती आणू नका. कपाशी-केळीवरच्या फवारणीचा अंश त्यांना चिकटलेला असू शकतो. टाकी नव्याने चिकटवून घेतली असेल आणि सिलिकॉनला शिरक्यासारखा आंबट वास येत असेल, तर तो जाईपर्यंत थांबा, मग एकदा पाणी भरून एक दिवस ठेवा आणि फेकून द्या. साबण, फिनेल टाकीजवळही नको.

चाचणीसाठी द्रव रसायनांचे किट घ्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. कागदी पट्ट्यांत बहुतेक वेळा अमोनियाच नसतो, आणि इथे सगळ्यात आधी तोच लागतो. बाटलीवरची मुदत पाहून घ्या. किट आणल्यावर आरओच्या पाण्याची एक चाचणी करा. त्यातही अमोनिया ०.२५ दिसला तर तोच तुमच्या किटचा शून्य समजा, नाहीतर नसलेल्या अमोनियामागे महिनाभर धावाल. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवूनच वापरा, तिच्यातला साका खाली बसला की आकडा खोटा कमी येतो. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर या कामाला निरुपयोगी आहे. तो क्षार मोजतो, अमोनिया ओळखत नाही.

आता खुराक. अमोनियासाठी सर्वांत सोपा आणि मोजता येणारा पदार्थ म्हणजे अमोनियम क्लोराइड, आपला नवसागर. कल्हईवाला भांड्याला लावतो तोच. पण कल्हईचा खडा घेऊ नका, त्यात दुसरे काय मिसळले आहे याची खात्री नसते. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध पांढरी पूड घ्या. वजनाला स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ओळखीच्या सराफाकडून बरोबर एक तोळा, म्हणजे १० ग्रॅम मोजून आणा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीत एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा, तांब्या-पितळेच्या भांड्यात नको. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष, पिऊ नये’ लिहा आणि मुलांच्या हातापासून लांब ठेवा. या द्रावाचे २५ मिली म्हणजे ४० लिटरमध्ये २ पीपीएम अमोनिया. टाकीत ३२ लिटरच पाणी असेल तर २० मिली.

फेब्रुवारीत खानदेशात रात्री गारठा असतो आणि टाकीतले पाणी २०-२२ अंशांपर्यंत उतरते. तेवढ्या पाण्यात हे जिवाणू फार सावकाश वाढतात. ५० वॉटचा हीटर लावून २८ अंशांवर ठेवा. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून १५ मिनिटे थांबा, नाहीतर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. दिवा बंद ठेवा. वनस्पती नसतील तर उजेडाने फक्त शेवाळ वाढेल.

पहिल्या दिवशी २५ मिली द्राव. तासाभराने चाचणी करून आकडा २ च्या आसपास आहे ना ते पाहा. नंतर दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत लिहा. आठ-दहा दिवस काहीच होत नाही असे वाटेल. दही लावणारे जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, यांना त्यासाठी अर्धा ते एक दिवस लागतो. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते अमोनियाचा आणखी एक डोस ओततात. उलट ५ पीपीएमच्या वर अमोनिया गेला की याच जिवाणूंची वाढ दबते. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ झाले तर घाबरू नका. ते वेगळे, झपाट्याने वाढणारे जिवाणू असतात आणि आपोआप बसतात. तेवढ्यासाठी पाणी बदलू नका, औषध घालू नका.

साधारण दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसू लागतो. अमोनिया ०.५ च्या खाली गेला की पुन्हा डोस द्या, पण आता निम्मा, १२ ते १३ मिली, म्हणजे १ पीपीएम. कारण हिशेबाचे आहे: १ पीपीएम अमोनियापासून २.७ पीपीएम नायट्राइट होतो. २ पीपीएमचे तीन डोस पचले तर नायट्राइट १६ वर जाईल. किटचा तक्ता बहुतेक ५ वरच संपतो, त्यापुढे सगळे गडद जांभळे. मग नायट्राइट उतरतोय की चढतोय हे कळत नाही. असे झाले तर १ मिली टाकीचे पाणी आणि ४ मिली आरओचे पाणी मिसळून चाचणी करा आणि आकड्याला पाचने गुणा. १० च्या वर असेल तर निम्मे पाणी बदला. जिवाणू स्पंजवर बसलेले असल्याने पाणी बदलून त्यांचे नुकसान होत नाही.

नायट्राइटचा हा टप्पा सर्वांत रटाळ. अमोनिया रोज शून्य येतो, नायट्राइट मात्र दोन-तीन आठवडे तसाच. मग एके दिवशी दोन दिवसांत अचानक खाली येतो. तसा येईना, तर तीन गोष्टी तपासा: पीएच ७ च्या खाली गेला का, तापमान २५ च्या खाली आहे का, आणि आरओचे पाणी जास्त आहे का. शेवटच्या बाबतीत जिवाणूंना वाढीसाठी लागणारा फॉस्फरस कमी पडतो. माशांच्या खाद्याची एक चिमूट चुरडून टाका, दोन-तीन दिवसांत फरक दिसतो.

याच टप्प्यावर लोक बाटलीतले जिवाणू विकत घेतात, म्हणून दोन शब्द. पूड स्वरूपात मिळतात ते बहुधा गाळ खाणारे जिवाणू, ज्यांना बीजाणू करून कोरडे राहता येते. अमोनिया आणि नायट्राइट खाणाऱ्यांना ते जमत नाही, म्हणून त्यांचे खरे उत्पादन द्रवच असते, आणि तेही थंड जागी ठेवलेले हवे. दुकानाच्या काचेत एप्रिल-मे काढलेली बाटली म्हणजे बहुधा मेलेल्या जिवाणूंचे पाणी. आणखी एक खूण आहे. जुन्या पुस्तकांत नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणून नायट्रोबॅक्टरचे नाव असते. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गोड्या पाण्याच्या टाकीत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो. बाटलीवर अजून नुसते नायट्रोबॅक्टर लिहिलेले असेल, तर पैसे वाचवा.

खरे विरजण म्हणजे कुणाच्या तरी सहा महिन्यांहून जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज. तो तुमच्या टाकीत तुमच्या स्पंजशेजारी लावा, किंवा त्याचा तुकडा कापून तुमच्या फिल्टरमध्ये घाला. नुसता पिळून काढलेला काळा गाळ ओतला तरी काम भागते, थोडे हळू. आणताना तो त्याच टाकीच्या पाण्यात ओला, पिशवीत निम्मी हवा ठेवून आणा. भुसावळहून यावलला आणेपर्यंत काही बिघडत नाही, पण दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्या टाकीत अलीकडे मासे मेले असतील किंवा औषध चालू असेल तर स्पंज फुकट मिळाला तरी घेऊ नका, त्याच्याबरोबर रोगही येतो. आणि विरजण लावले तरी अमोनियाचा खुराक द्यावाच लागतो.

नवसागर मिळालाच नाही तर माशांचे खाद्य रोज चिमूटभर टाकून तेच करता येते. पण किती अमोनिया झाला हे तुमच्या हातात राहत नाही, वास येतो आणि एक-दोन आठवडे जास्त लागतात. बाजारातली सुकट मात्र टाकू नका, तिच्यात मीठ असू शकते.

आता शेवटची कसोटी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की पुन्हा पूर्ण २५ मिली द्राव द्या आणि बरोबर २४ तासांनी मोजा. दोन्ही शून्य आले, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. सलग दोनदा पार पडली तर टाकी तयार. तोपर्यंत नायट्रेट भरपूर साठलेले असते. १ पीपीएम अमोनियाचे सुमारे ३.६ पीपीएम नायट्रेट होते, म्हणजे एकूण १२ पीपीएम अमोनिया दिला असेल तर ४४. त्यामुळे मासे आणण्याच्या आदल्या दिवशी ७० ते ८० टक्के पाणी बदला. मासे त्याच आठवड्यात मिळणार नसतील तर दर दोन दिवसांनी १२ मिली द्राव चालू ठेवा. उपाशी ठेवलेला फिल्टर आठवड्याभरात कमजोर होतो, आणि ‘तयार होती तरी मासे मेले’ यामागे बऱ्याच वेळा हेच असते.

तुम्ही या आठवड्यात सुरुवात केली तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला टाकी तयार होईल, आणि लगेच पुढे खानदेशचा उन्हाळा. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद खोलीतली छोटी टाकी ३४-३५ वर सहज जाते. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू साधारण ८ पीपीएम मावतो, ३५ ला ७ पेक्षाही कमी. त्या दिवसांत माशांनाही आणि जिवाणूंनाही तो जास्त लागतो. हीटर काढून ठेवा, झाकण जाळीचे करा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा तिरका लावा, तापमान दोन-चार अंशांनी उतरते. बर्फाचे खडे टाकू नका. पंख्याने पाणी भराभर उडते. उडते ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट आरओच्या पाण्याने भरा, बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर महिन्याभरात पाणी आणखी जड होईल. पाणी बदलणे पहाटेच करा. दुपारी छतावरच्या काळ्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते, ते थेट ओतले तर महिन्याभराची मेहनत एका बादलीत जाते.

मासे कोणते? चाळीस लिटरमध्ये गोल्डफिश नको. तो वीतभर होतो आणि तुमचा फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याला पुरणार नाही. जड पाण्यात गप्पी आणि प्लॅटी खुशीत राहतात. पहिल्या दिवशी पाच-सहा नर गप्पी, दोन आठवड्यांनी आणखी तीन-चार. नर-मादी एकत्र आणले तर तीन महिन्यांत टाकी पिल्लांनी भरेल आणि वाटायला घरे शोधावी लागतील. निऑन टेट्रासारखे मऊ पाण्याचे मासे या बोअरवर पाळायचा अट्टहास करू नका. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका, मासा जाळीने उचलून सोडा. पहिला आठवडा रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच टाका. अमोनिया ०.५ च्या वर गेला तर लगेच ४० टक्के पाणी बदला आणि एक दिवस खाद्य बंद ठेवा.

हे वाचणाऱ्या कुणी टाकी तयार नसतानाच मासे सोडले असतील, तर रोज एक तृतीयांश पाणी बदलत राहा, खाद्य एक दिवसाआड द्या, आणि नायट्राइट दिसू लागला की लिटरला १ ग्रॅम खडे मीठ आधी बादलीत विरघळवून दिवसभरात थोडे थोडे घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. चार-पाच आठवडे हे सातत्याने केले तर मासे वाचतात, पण ती रोजची चाकरी आहे.

यापुढे स्पंज महिन्यातून एकदाच धुवायचा, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत चार वेळा पिळून. त्या बादलीतले काळपट पाणी कुंड्यांना किंवा परसातल्या केळीला घाला, नायट्रेट तिथे कामी येते. मीठ घातलेल्या टाकीचे पाणी मात्र मोरीतच जाऊ द्या.